सागरातला खजिना आणि एक अबोल पैलवान

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत, एक्स आणि ओलेरों या दोन बेटांच्या मध्ये, भर समुद्रात एक लंबगोल दगडी किल्ला उभा आहे. फोर बॉयार हे त्याचे नाव. नेपोलियनच्या काळात त्याच्या बांधकामाला आरंभ झाला आणि १८५७ मध्ये तो पुरा झाला. मात्र तोवर तोफांचा पल्ला एवढा वाढला होता, की किनारा राखण्यासाठी या किल्ल्याची गरजच उरली नव्हती. पुढे अनेक वर्षे तो लाटांचा मार खात ओसाड पडून होता. १९६७ साली पडद्यावर आलेल्या एका चित्रपटाच्या अखेरीस याच किल्ल्यात एक धिप्पाड, मध्यमवयीन माणूस मरणासन्न मित्रापाशी गुडघे टेकून बसलेला दिसतो. मित्राला सुखाने मरण यावे म्हणून तो त्याच्याशी खोटे बोलतो. मित्राला ते खोटे कळते आणि तो हसत प्राण सोडतो. मग कॅमेरा वर उचलला जातो, किल्ला लहान होत जातो आणि समुद्रात तो माणूस एकटा उरतो.

‘ले झाव्हाँत्युरिए’, म्हणजे साहसवीर, हा तो चित्रपट. तो धिप्पाड माणूस म्हणजे लिनो व्हेंतुरा. फ्रेंच चित्रपटसृष्टीतील सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक. पण जन्माने इटालियन, शिक्षणाने जवळपास निरक्षर म्हणावा इतकी तोकडी शाळा शिकलेला आणि पेशाने मूळचा पैलवान. अभिनयाचे शिक्षण त्याने कधी घेतले नाही.

व्हेंतुराचा जन्म १४ जुलै १९१९ रोजी इटलीतील पार्मा येथे झाला. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, हा निव्वळ योगायोग. वडील घर सोडून गेलेले. १९२७ च्या सुमारास आई लुईझा मुलाला घेऊन पॅरिसनजीकच्या मोंत्रय येथे आली. परका मुलुख, परकी भाषा आणि पाठीशी कोणी नाही, अशा स्थितीत लिनोने लहान वयातच शाळेला रामराम ठोकला. हॉटेलातील पोऱ्या, मेकॅनिकचा मदतनीस, सामान पोहोचवणारा हरकाम्या अशी मिळेल ती कामे त्याने केली. या दिवसांतच त्याला कुस्तीचा नाद लागला. आधी ग्रीको-रोमन पद्धतीची कुस्ती तो शिकला आणि नंतर पोटासाठी फ्री-स्टाइलच्या दंगलींत उतरला.

मधल्या काळात महायुद्ध आले. जानेवारी १९४२ मध्ये त्याने ओदेत लकोंत हिच्याशी विवाह केला. नागरिकत्व इटलीचे असल्याने त्याला इटलीच्या सैन्यात दाखल व्हावे लागले. तेथून तो निसटला आणि काही काळ लपूनछपून राहिला. या दिवसांविषयी तो पुढे फारसा बोलत नसे. तसा तो कशाविषयीच फारसा बोलत नसे.

युद्धानंतर आखाड्यात त्याचे नाव झाले. १९५० मध्ये त्याने युरोपीय विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी अँरी कोगाँ या पैलवानाबरोबरच्या लढतीत त्याचा पाय मोडला. कुस्ती संपली. घरसंसार होता. तेव्हा त्याने इतर पैलवानांच्या लढती भरवण्याचा धंदा सुरू केला. त्याचे आयुष्य तसेच गेले असते. पण दिग्दर्शक झाक बेकेर आपल्या नव्या चित्रपटासाठी एका दणकट गुंडाच्या शोधात होता. बड्या झाँ गाबँसमोर उभा राहिला तरी झाकोळून जाणार नाही असा माणूस त्याला हवा होता. व्हेंतुराला यात रस नव्हता. समोरच्याने आपणहून नकार द्यावा म्हणून त्याने भरमसाट मानधन मागितले आणि ते मान्य झाले, असे सांगितले जाते. ‘तुशे पा ओ ग्रिस्बी’ हा चित्रपट १९५४ मध्ये झळकला. पस्तिशीला टेकलेला हा नवखा माणूस गाबँसारख्या मुरब्बी नटासमोर बिचकला नाही. गाबँने त्याच्यातला नट ओळखला. दोघांची मैत्री १९७६ मध्ये गाबँच्या मृत्यूपर्यंत टिकली.

पुढची काही वर्षे गुंड, मारेकरी, पोलिस अशा दुय्यम भूमिकांत गेली. १९५८ मध्ये ‘गोरिला’ या गुप्तहेराच्या भूमिकेने तो नायक झाला. चित्रपट चांगला चालला. पण दुसऱ्या भागाला त्याने सरळ नकार दिला आणि ती भूमिका रोजे हानँकडे गेली. नुकत्याच नायकपदाला पोहोचलेल्या नटाने हमखास यशाकडे पाठ फिरवावी, हे निर्मात्यांना चमत्कारिक वाटले असणार. पण व्हेंतुराची निवड अशीच असे. साचा पक्का होण्याआधीच तो त्यातून बाहेर पडे. शक्य तेथे तो प्रणयदृश्येही टाळी. पडद्यावर प्रेम करून दाखवणे त्याला संकोचाचे वाटे.

आणि तरीही माया, ओढ, विरह हे सारे त्याच्या चित्रपटांत आहे. १९६० च्या ‘क्लास तू रिस्क’मध्ये क्लोद सोतेने त्याला एका फरारी गुन्हेगाराची भूमिका दिली. रात्री समुद्रकिनाऱ्यावर उतरताना त्याची बायको गोळी लागून मरते आणि दोन लहान मुलांना घेऊन तो पळत राहतो. मुलांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. या कथेचा लेखक जोझे जोव्हानी. तुरुंगातून सुटून आलेला, फाशीच्या शिक्षेतून बचावलेला हा माणूस त्यानंतर अनेकदा व्हेंतुरासाठी लिहिता झाला. युद्धकाळातील जोव्हानीचे नाझींशी असलेले साटेलोटे १९९३ मध्ये उघडकीस आले. ते पाहायला व्हेंतुरा हयात नव्हता. ‘ले झाव्हाँत्युरिए’ची कथाही जोव्हानीच्याच कादंबरीवरून घेतलेली आहे.

या चित्रपटाची गोष्ट सांगण्याआधी एका संध्याकाळची नोंद करणे आवश्यक आहे. १९५८ मध्ये व्हेंतुरा दांपत्याला एक मुलगी झाली. ती इतर मुलांसारखी नाही, तिची बौद्धिक वाढ कधीच पूर्ण होणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. त्या काळी फ्रान्समध्ये अशा मुलांना घरात दडवून ठेवणे किंवा कोणत्या तरी संस्थेच्या भिंतीआड सोडून देणे, एवढेच दोन मार्ग बहुतेक कुटुंबांपुढे असत. नामवंत नटाला तर मौन बाळगणे अधिकच सोयीचे होते. ज्याने स्वतःचे खासगी आयुष्य वार्ताहरांपासून कटाक्षाने दूर ठेवले, त्या माणसाने ६ डिसेंबर १९६५ रोजी दूरचित्रवाणीवर येऊन सर्व देशासमोर अशा मुलांचा विषय काढला आणि लोकांकडे मदत मागितली. पुढच्या वर्षी ओदेत आणि त्याने मिळून ‘पेर्स-नेज’ ही संस्था स्थापन केली. पेर्स-नेज हे हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ भेदून वर येणाऱ्या एका इवल्या पांढऱ्या फुलाचे नाव आहे.

एरवी मुलाखत द्यायलाही नाखूश असलेल्या माणसाला त्या संध्याकाळी काय मोजावे लागले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. घरातले दुःख चव्हाट्यावर आणल्याचा ठपका येण्याची भीती होती आणि प्रसिद्धीसाठी मुलीचा वापर केल्याचा आरोपही कोणी केला असता. त्याने धोका पत्करला. मात्र संस्थेच्या कामासाठी आपले नाव वापरू देताना मुलीला प्रकाशझोतात आणले नाही.

त्यानंतर वर्षभरातच दिग्दर्शक रोबेर एन्रिकोच्या ‘ले झाव्हाँत्युरिए’चे काम झाले. चित्रपटात तीन स्वप्नाळू माणसे आहेत. रोलाँ, म्हणजे व्हेंतुरा, एका भंगारवजा कारखान्यात शर्यतीच्या गाडीसाठी अचाट इंजिन बनवू पाहतो. त्याचा तरुण मित्र मानू, म्हणजे आलें दलों, वैमानिक आहे. पॅरिसच्या विजयकमानीखालून विमान नेण्याची पैज मारण्याच्या नादात तो परवाना गमावून बसतो. तिसरी लेतिसिया, मोडक्या लोखंडातून शिल्पे घडवणारी ही मुलगी जोआना शिमकसने साकारली. तिघांचेही बेत फसतात. मग कांगोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलेल्या एका विमानात मोठे घबाड असल्याची खबर त्यांना मिळते आणि ते होडी घेऊन निघतात.

येथून चित्रपटाचा सर्वांत रम्य भाग सुरू होतो. ऊन, खारा वारा, पाण्यात मारलेल्या बुड्या, होडीवरची थट्टामस्करी. दोन पुरुषांचे एकाच मुलीवर प्रेम आहे आणि तरीही मत्सराचा लवलेश नाही. प्रेमत्रिकोण म्हटला की आपल्याला जे अपेक्षित असते, त्यातले इथे काहीच घडत नाही. लेतिसिया रोलाँला सांगते, की तिला त्याच्याबरोबर राहायचे आहे. दलोंसारखा देखणा तरुण शेजारी असताना तिची पसंती जाते ती या जाडजूड, अबोल माणसाकडे. आणि व्हेंतुरा काय करतो? जवळपास काहीच नाही. चेहऱ्यावर संकोच उमटतो, नजर क्षणभर वळते. फ्रेंच सिनेमातल्या किती तरी चुंबनदृश्यांपेक्षा हा क्षण अधिक लक्षात राहतो.

खजिना सापडतो, पण त्यामागे असलेली दुसरी टोळीही येऊन पोहोचते आणि गोळीबारात लेतिसिया मरते. दोघे मित्र तिला पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रातच निरोप देतात. चित्रपटाच्या या टप्प्यावर खजिन्याचे आकर्षण संपते. उरते ते फक्त तिच्या वाट्याचे धन तिच्या आप्तांपर्यंत पोहोचवण्याचे काम. त्या शोधात दोघे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि त्यांना तिच्या नात्यातला एक लहान मुलगा भेटतो. पुढे रोलाँ फोर बॉयार विकत घेतो. टोळी तेथेही येते, चकमक झडते आणि मानू कोसळतो. मरणाऱ्या मित्राला रोलाँ सांगतो, की लेतिसियाला मानूबरोबरच राहायचे होते. आरंभी उल्लेखलेले ते खोटे हेच.

फ्रान्स्वा द रुबेच्या संगीताने या प्रसंगांना एक विलक्षण हुरहुर दिली. समुद्राने वेडा झालेला हा संगीतकार १९७५ मध्ये कॅनरी बेटांजवळ पाण्याखाली बुडी मारली असता मरण पावला. तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता. मूळ कादंबरीतला आपल्याला महत्त्वाचा वाटणारा भाग चित्रपटात न आल्याने जोव्हानीने त्याच वर्षी त्यावर स्वतः वेगळा चित्रपट काढला. तो मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

त्यानंतर व्हेंतुराची कारकीर्द ऐन बहरात आली. झाँ-पिएर मेलव्हिलबरोबर त्याचे बिनसले होते. १९६६ च्या चित्रपटात धावती आगगाडी पकडण्याच्या प्रसंगात मेलव्हिलने त्याला न सांगता गाडीचा वेग वाढवला, हे त्याचे एक कारण सांगतात. तरीही १९६९ मध्ये दोघांनी ‘लार्मे देझोंब्र’ केला. जर्मन अमलाखालील फ्रान्समधील भूमिगतांच्या या कथेचे चित्रीकरण चालू असताना नट आणि दिग्दर्शक एकमेकांशी बोलत नव्हते; निरोप सहायकांमार्फत जात. त्या अबोल्यातून निर्माण झालेला फिलिप जेर्बिए हा व्हेंतुराचा बहुधा सर्वश्रेष्ठ अभिनय होय. मायदेशात तेव्हा या चित्रपटाचे स्वागत थंडे झाले. अमेरिकेत तो २००६ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

विनोदी चित्रपट, लेलुशचे चित्रपट, फ्रान्चेस्को रोझीचा इटालियन चित्रपट अशी त्याची वाटचाल चालूच राहिली. १९८१ च्या ‘गार्द आ व्ह्यू’मध्ये एका रात्रीत, एका पोलिस ठाण्यात घडणारी चौकशी त्याने आणि मिशेल सेरोने अशी रंगवली, की एकाच खोलीतले नाट्य आहे याचा विसर पडावा. १९८२ मध्ये तो ‘ले मिझेराब्ल’चा झाँ व्हालझाँ झाला, अनाथ मुलीला पोटच्या पोरीसारखे वाढवणारा बाप. त्यासाठी सेझार पुरस्काराचे नामांकन मिळाले, पुरस्कार नाही. त्याच वर्षी पॅरिसलगतच्या सेव्र येथे ‘पेर्स-नेज’चे पहिले निवासगृह उघडले. आईवडिलांच्या पश्चात या मुलांचे काय होणार, हा ‘क्लास तू रिस्क’मधल्या फरारी बापाला छळणारा प्रश्न होता. त्याला त्याने पडद्याबाहेर दिलेले उत्तर ते होते. उत्तर मिळायला सोळा वर्षे लागली. १९८३ मध्ये त्याने जोव्हानीच्या दिग्दर्शनाखाली ‘ल र्‍युफियाँ’मध्ये पुन्हा एकदा खजिना शोधला, या वेळी कॅनडात, धबधब्याखालच्या पाण्यात.

२२ ऑक्टोबर १९८७ रोजी सँ-क्लू येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ६८ होते. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही त्याने अखेरपर्यंत फ्रेंच नागरिकत्व घेतले नाही. तरीही २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी सर्वकालीन थोर फ्रेंच व्यक्तींची निवड झाली, तेव्हा लोकांनी या इटालियन माणसाला पहिल्या शंभरांत बसवले.

फोर बॉयारमध्ये १९९० पासून एक लोकप्रिय दूरचित्रवाणी खेळ रंगतो. स्पर्धक तेथे कोडी सोडवून सोन्याच्या नाण्यांचा खजिना मिळवतात. चित्रपटात त्या किल्ल्यात मरणारा मानू, म्हणजे आलें दलों, ऑगस्ट २०२४ मध्ये गेला. वाचलेल्या रोलाँनंतर जवळपास ३७ वर्षांनी. ‘पेर्स-नेज’ची निवासगृहे आज फ्रान्सभर आहेत.