विश्लेषण : केडगावच्या ‘मुक्ती’त परदेशी स्वयंसेविका, पण कारभार पंडिता रमाबाईंचा… हे कसे घडले?

परदेशातल्या ख्रिस्ती बालगृहात काही महिने सेवा करायला जाण्याची पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे. त्यावर घेतला जाणारा आक्षेपही ठरलेला : पैसा आणि माणसे बाहेरची असतील, तर संस्था नक्की कोणाची? पुणे जिल्ह्यातल्या केडगावात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तिथे मदतीला परदेशी बायका होत्या आणि त्यांना काम नेमून देत होती एक मराठी विधवा.

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी काय पाहिले?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलांना संस्कृत शिकवले. आई-वडील उपासमारीत गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेला. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी लंडनमधल्या फुलहॅम भागात एक आश्रयगृह चालवत. तिथे रमाबाईंनी त्या स्त्रियांची सेवा होताना पाहिली आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. मात्र धर्म स्वीकारला म्हणून त्या चर्चच्या मुठीत गेल्या नाहीत. तरुण पुरुषांना शिकवू नये, असे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचे मत होते. रमाबाईंनी ते मानले नाही.

पुण्यात वाद कशावरून?

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदत कबूल केली. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, इथल्याच.

सदनात धर्मप्रसार होणार नाही, अशी हमी होती. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची शंका पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवे. पण त्या मुलींना शिकवायला दुसरी जागा किती होती, हेही विचारायला हवे.

केडगावला का जावे लागले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते आणि एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. मग केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या उभारल्या गेल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. आता आडपडदा उरला नव्हता.

एवढ्या पोरींना जेवू घालायचे, न्हाऊ घालायचे, शिकवायचे तर हात हवेत. ते अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून आले. अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स १८९८ मध्ये दाखल झाल्या आणि रमाबाई परदेशी असताना त्यांनी काम सांभाळले. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका थेट चिली देशात पोहोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला चालना मिळाली. केडगावचे नाव चिलीत जाते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

पण कारभाराच्या किल्ल्या रमाबाईंकडेच राहिल्या. रोजचे कामही बरेचसे मुलींच्याच अंगावर होते : शेती, विणकाम, छापखाना. आधी दाखल झालेल्या मुली नव्या आलेल्यांना सांभाळत. मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुलींना शिकवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलच्या छपाईतही मुलींचेच हात होते.

मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात मुक्ती मिशन आजही सुरू आहे.