दमास्कसचे संत जॉन : ग्रीक तर्कविद्या श्रद्धेच्या सेवेत

दरवर्षी ४ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा दमास्कसचे संत जॉन यांचे स्मरण करते. प्रभू येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावणारा धारणीचा भाविकही नकळत या संताचा ऋणी आहे.

इ. स. ६७५ च्या सुमारास सीरियातील दमास्कस, अर्थात बायबलमधील दिमिष्क, येथे त्यांचा जन्म झाला. तेथे तेव्हा मुस्लिम खलिफांची सत्ता होती. मन्सूर हे त्यांचे ख्रिस्ती घराणे खलिफांच्या महसुली कारभारात उच्च पदावर होते. हे वैभव सोडून जॉन यांनी जेरुसलेम परिसरात मठवासी जीवन पत्करले आणि ते धर्मगुरू झाले.

इ. स. ७२६ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने पवित्र प्रतिमांना विरोध आरंभिला. प्रतिमांना वंदन करणे ही मूर्तिपूजा होय, असा आक्षेप होता. जॉन खलिफांच्या राज्यात राहत असल्याने सम्राटाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. त्यांनी तीन प्रबंध लिहिले. प्रतिमा म्हणजे काय, तिचे प्रकार किती, आराधना आणि आदर यांत भेद कोणता, हे त्यांनी काटेकोरपणे स्पष्ट केले. आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमेला दिलेला आदर मूळ व्यक्तीस पोहोचतो. अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही. परंतु देव मानव झाला, म्हणून त्याचे मुख रेखाटता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अशा नेमक्या विचाराची शिस्त प्राचीन ग्रीसमधून आली होती. ‘ज्ञानाचा झरा’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग ॲरिस्टॉटल व पॉर्फिरी यांच्या तर्कशास्त्रावर आधारलेला आहे. ‘सत्त्व’ आणि ‘व्यक्ती’ यांसारख्या संज्ञा स्पष्ट असल्याखेरीज पवित्र त्रैक्याविषयी नीट बोलता येत नाही, हे ते जाणून होते. हे तत्त्वज्ञ ख्रिस्ती नव्हते, म्हणून त्यांनी त्यांना नाकारले नाही. त्यांचे ज्ञान श्रद्धेच्या सेवेत घेतले.

इ. स. ७४९ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. ७५४ मध्ये हिएरिया येथील परिषदेने मृत्यूनंतरही त्यांना शापित ठरविले. परंतु ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने प्रतिमांचा आदर योग्य ठरवून त्यांचा गौरव केला. बाराव्या शतकात त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा आधार घेतला. १८९० मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित घोषित केले.

श्रद्धेला विचाराचे भय नसते, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.