लोक वान थो

लोक वान थो (१४ जून, १९१५:क्वालालंपूर, मलाया - २० जून, १९६४:तैवान) हे सिंगापूरमधील चित्रपटव्यावसायिक, पक्षिनिरीक्षक व पक्षिछायाचित्रकार होते. लोक हे त्यांचे आडनाव होय. त्यांच्या पक्षिअभ्यासाला मुंबईतील वास्तव्यात वळण मिळाले.

== जीवन ==
त्यांचे वडील लोक यू हे मलायातील कथिलाच्या खाणींचे धनाढ्य मालक होते. १९१७ साली वडिलांचे निधन झाले. वान थो यांचे शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये व केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. त्यांनी आईच्या साथीने सिंगापुरात उभारलेले कॅथे चित्रपटगृह १९३९ साली सुरू झाले.

== मुंबईतील आश्रय ==
फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आले, तेव्हा ते जहाजाने बाहेर पडले. वाटेत जहाजावर बॉम्बहल्ला झाला. ते गंभीर भाजले व काही काळ त्यांची दृष्टीही गेली. बटाव्हियात उपचार घेऊन ते भारतात आले. मुंबईत त्यांची सलीम अली यांच्याशी ओळख झाली आणि तिचे आजन्म मैत्रीत रूपांतर झाले. सलीम अलींसोबत त्यांनी भारतात पक्षिनिरीक्षणासाठी भ्रमंती केली. पुढे त्यांच्या मोहिमांना त्यांनी सढळ हाताने अर्थसाहाय्यही केले.

== पक्षिछायाचित्रण ==
त्या काळी दूरचे टिपणारी भिंगे जड असत आणि त्यांतून प्रकाशही कमी येई. फिल्मची संवेदनक्षमताही आजच्या मानाने अल्प होती. त्यामुळे पक्ष्याला भिंगाने जवळ आणण्याऐवजी छायाचित्रकारच घरट्याजवळ जाऊन आडोशात तासन्‌तास बसत असे. घरटे उंचावर असल्यास मचाण बांधावे लागे. पक्षी बुजून पिलांना सोडून जाऊ नये, म्हणून आडोसा टप्प्याटप्प्याने जवळ न्यावा लागे. लोक यांनी वेळखाऊ अशा याच मार्गाने काम केले. त्यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे पुस्तक १९५७ साली प्रकाशित झाले.

== निधन ==
तैपेई येथील आशियाई चित्रपट महोत्सवासाठी ते तैवानला गेले होते. २० जून, १९६४ रोजी ताइचुंगजवळ विमान कोसळून त्यांच्यासह सर्व ५७ जण मृत्यू पावले. मृतांत त्यांच्या पत्नीचाही समावेश होता. सलीम अली यांनी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्रात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सलीम अलींचे निधनही २० जून रोजीच, १९८७ साली झाले.