बहिरे शिल्पकार डग्लस टिल्डन

ज्यास ऐकू येत नाही त्यास विद्याही येणार नाही, असे पुष्कळांस वाटते. हा समज किती पोकळ आहे, हे अमेरिकेतील शिल्पकार डग्लस टिल्डन यांच्या चरित्रावरून आम्ही वाचकांस दाखवू इच्छितो.

त्यांचा जन्म १८६० साली कॅलिफोर्निया प्रांतातील चिको गावी एका डॉक्टरांच्या घरी झाला. पाच वर्षे पुरी होण्यापूर्वीच कठीण तापाने त्यांचे ऐकणे कायमचे गेले. तथापि आईबापांनी त्यांस घरात बसवून ठेविले नाही; मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घातले. पुढे ही शाळा बर्कली येथे गेली. तेथे त्यांस हातांच्या खुणांची भाषा मिळाली आणि लिहिणेवाचणेही आले. १८७९ साली शिक्षण संपताच ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

पुढे त्यांस मातीच्या मूर्ती घडविण्याचा नाद लागला. त्यांच्या हातचे काम पाहून शाळेच्या विश्वस्तांनी पैशाचे साहाय्य केले व १८८८ साली ते पॅरिसला गेले. तेथे शोपँ नामक शिल्पकारांजवळ ते सुमारे पाच महिने शिकले. गुरू स्वतः बहिरे होते! १८९० साली टिल्डन यांच्या ‘थकलेला मुष्टियोद्धा’ या मूर्तीस पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात सन्मान मिळाला.

१८९४ साली मायदेशी परतल्यावर सान फ्रान्सिस्को येथील कलाशाळेत, ज्यांचे कान शाबूत होते अशा विद्यार्थ्यांस हे बहिरे गुरू शिकवू लागले. त्याच शहरात त्यांचे कामकऱ्यांचे स्मारक १९०१ साली उभे राहिले. पाच पुरुष जाड पत्र्यास भोक पाडणाऱ्या यंत्राच्या दांड्यावर अंगचे सारे बळ लावीत आहेत, असा तो देखावा आहे. १९०६ सालच्या भूकंपात व आगीत सभोवतालच्या इमारती नष्ट झाल्या. स्मारक मात्र जागचे हलले नाही.

उतारवयात त्यांस काम मिळेनासे झाले. दारिद्र्य आले, संसारही मोडला. १९३५ साली बर्कली येथे ते एकाकी वारले. ज्या नगरास त्यांनी शोभा आणिली, त्यास त्यांचा विसर पडला, ही खेदाची गोष्ट होय.

तरी ते पाच कामकरी आजही रस्त्याच्या कडेला उभे आहेत. त्यांचा आरंभ पॅरिसात नव्हे, तर एका बहिऱ्या बालकास शाळेत पाठविणाऱ्या आईबापांच्या निश्चयात झाला. ज्यांच्या घरी असे मूल असेल, त्यांनी त्यास कोपऱ्यात ठेवू नये. शाळेची वाट दाखवावी.