रसेल यांची चूक आणि आपले लोकमत

१३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला चढविला आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्या दिवसांत भिवंडी कोर्टात जाण्यासाठी पडघ्याच्या नाक्यावर एस.टी.ची वाट पाहताना चहाच्या टपरीवर एकच सूर आमच्या कानी पडत होता. त्यांचा बॉम्ब तयार होण्याआधीच उडवून दिले, हे बरेच झाले, असा तो सूर. बोलणारे शिकलेसवरलेले होते आणि त्यात आपलेही लोक होते. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली तेव्हा आम्ही कायद्याचे विद्यार्थी होतो. वक्तृत्व स्पर्धेत त्या युद्धाच्या बाजूने बोलून आम्ही बक्षीसही मिळविले होते. पुढे इराकमध्ये अण्वस्त्रे सापडलीच नाहीत. बक्षिसाचा तो चषक मात्र अजून आमच्या कपाटात आहे.

आमच्यासारख्या पोराची गोष्ट सोडा. हीच चूक विसाव्या शतकातील एका थोर विचारवंताकडूनही झाली होती. त्यांचे नाव बर्ट्रांड रसेल.

हे नाव आपल्या चळवळीला परके नाही. रसेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथाचे परीक्षण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात ते आजही वाचावयास मिळते. रसेल युद्धाचे विरोधक आहेत, पण म्हणून ते हातावर हात ठेवून बसण्याचे पुरस्कर्ते नाहीत, हे बाबासाहेबांनी त्यात नेमके दाखवून दिले. शक्तीवाचून जगात काहीच घडत नाही. ती शक्ती घडविण्यासाठी वापरायची की विध्वंसासाठी, हा खरा प्रश्न आहे. गुरुवर्य जॉन ड्युई यांच्या विचारांच्या आधारे बाबासाहेबांनी केलेला हा भेद आजही तितकाच मोलाचा आहे.

रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समध्ये एका उमराव घराण्यात झाला. आजोबा दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान होते. आईवडील लहानपणीच वारले आणि आजीने त्यांना वाढविले. केंब्रिजमध्ये त्यांनी गणित व तत्त्वज्ञानात नाव काढले. व्हाइटहेड यांच्यासह लिहिलेला ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ १९१० ते १९१३ या काळात तीन खंडांत निघाला. एवढ्या कीर्तीवर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि सारा देश युद्धज्वराने फणफणला असताना हा माणूस सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध उभा राहिला. १९१६ साली त्यांना दंड झाला आणि ट्रिनिटी कॉलेजातील नोकरीही गेली. १९१८ साली एका लेखाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे बाबासाहेबांनी परीक्षण लिहिले त्याच वर्षी मूळ लेखक ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होता.

पुढे हिटलरविरुद्धच्या युद्धाला मात्र त्यांनी पाठिंबा दिला. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाली आणि रसेल भयभीत झाले. त्या वेळी बॉम्ब एकट्या अमेरिकेकडे होता. रशियाने अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण मान्य करावे आणि न मानल्यास त्याच्या हाती बॉम्ब येण्यापूर्वीच त्याला युद्धाची धमकी द्यावी, असे मत ते १९४५ ते १९४८ या काळात मांडू लागले. युद्धविरोधासाठी तुरुंगात गेलेला माणूस असे बोलू लागला, यावरून भय काय करू शकते ते ध्यानात यावे. २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाने अणुचाचणी केली आणि धमकीचा मार्गच खुंटला. आपण असे म्हटलेच नव्हते, असे रसेल काही वर्षे सांगत राहिले. अखेर १९५९ साली बी.बी.सी.च्या मुलाखतीत त्यांनी ती गोष्ट कबूल केली.

पण त्यांचा मार्ग त्याआधीच बदलला होता. ९ जुलै १९५५ रोजी त्यांनी लंडनमध्ये आईनस्टाईन व इतर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईनस्टाईन यांनी मृत्यूच्या काही दिवस आधी त्यावर सही केली होती. १९५७ पासून पगवॉश परिषदा सुरू झाल्या आणि दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसू लागले. १९६१ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहाची हाक दिली म्हणून त्यांनी पुन्हा ब्रिक्स्टनमध्ये आठवडा काढला. २ फेब्रुवारी १९७० रोजी ते वारले. त्यांचे अखेरचे निवेदनही इजिप्तवरील इस्रायली बॉम्बफेकीच्या निषेधाचेच होते.

या चरित्रातून आपण काय घ्यायचे? ७ जून १९८१ रोजी इस्रायलने इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला. त्यात अमेरिकाही होती. त्या हल्ल्यानंतर इराकचा बॉम्बचा खटाटोप थांबण्याऐवजी गुप्तपणे वाढला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. संयुक्त राष्ट्रांची सनद स्वसंरक्षणाचा हक्क देते. शेजारी उद्या शस्त्र घेईल या संशयावरून आज त्याचे घर जाळण्याचा परवाना ती देत नाही. शिवाय ज्यांच्या कोठारात हजारो बॉम्ब आहेत त्यांनीच इतरांना शिक्षा द्यायची, ही राष्ट्राराष्ट्रांतील श्रेणीबद्ध विषमता नव्हे काय?

आपला देशही मे १९७४ आणि मे १९९८ मध्ये अणुचाचण्या करून जगाच्या डोळ्यांवर आला होता. पाडून टाकण्याचा हा न्याय आपल्याला लागला असता तर? तारापूर पडघ्यापासून फार दूर नाही. म्हणूनच ३१ डिसेंबर १९८८ चा भारत-पाकिस्तान करार महत्त्वाचा ठरतो. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे दोघांनी मान्य केले आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला त्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. दोन वैऱ्यांनी शक्ती आवरून घडविलेले हे काम आहे.

रसेल चुकले, पण चूक कबूल करून कामाला लागले. टपरीवर बोलणाऱ्या आपल्या बांधवांनी आणि कपाटात चषक जपणाऱ्या आम्हीही एवढे तरी केले पाहिजे.