पवनारहून निघालेली वाट

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी पवनारचा परंधाम आश्रम आहे. प्रकृती पार ढासळल्यामुळे १९३८ साली विनोबा भावे येथे विश्रांतीसाठी आले आणि पुढे हेच त्यांचे घर झाले. १९५० च्या सुमारास त्यांनी येथे कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला होता. पैशाचा आधार सोडायचा, विहीर आपण खणायची, भाजीपाला आपण पिकवायचा आणि त्यावरच जगायचे, असा तो खडतर प्रयोग होता. पंचावन्न वर्षांचा, पोटाच्या विकाराने जर्जर झालेला हा माणूस लवकरच आश्रम सोडून तेरा वर्षे रस्त्यावर राहील, असे तेव्हा कोणाला वाटणे शक्य नव्हते.

वाटचालीची ओढ मात्र जुनीच होती. गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेला विनायक १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाला आणि सुरतेलाच गाडीतून उतरून थेट काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. नंतर वर्षभराची रजा घेऊन त्याने वाईला शास्त्राध्ययन केले आणि महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायपीट केली. रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले या भ्रमंतीत पाहून झाले. ठरल्या दिवशी तो आश्रमात परतही आला! १९२१ साली जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे वर्ध्याला आश्रमाची शाखा निघाली आणि तिची धुरा विनोबांकडे आली.

१९५१ चा प्रवास मात्र अनपेक्षित होता. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांची जाण्याची इच्छा नव्हती. शंकरराव देव यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी होकार दिला, पण पायी जाण्याचे ठरवले. ८ मार्च रोजी ते निघाले. विदर्भातला उन्हाळा तापू लागला होता. यवतमाळचा मुलूख ओलांडून, आदिलाबादच्या बाजूने सुमारे तीनशे मैलांचे अंतर त्यांनी महिनाभरात कापले.

पुढे सगळ्याच पदयात्रांत कायम राहिलेली दिनचर्या साधी होती. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि उजाडण्यापूर्वीच कंदिलाच्या उजेडात वाटेला लागणे. उन्हे चढेपर्यंत दहा-बारा मैल चालून पुढचे गाव गाठायचे. दुपारी गावकऱ्यांशी बोलणे, सायंकाळी प्रार्थनासभा आणि रात्री लवकर निजणे. आहार दही, मध अशा मोजक्या पदार्थांचा. सकाळी मुक्काम हलला की मागे काही उरत नसे.

संमेलन आटोपल्यावर ते परत फिरले नाहीत. तेलंगणात तेव्हा सशस्त्र कम्युनिस्ट लढा पेटला होता. जमीनदारांच्या हत्या होत होत्या आणि पोलिसी कारवाईचा वरवंटाही फिरत होता. रामनवमीला, १५ एप्रिल रोजी, हैदराबादच्या तुरुंगातील कम्युनिस्टांची भेट घेऊन विनोबा त्या भागात शिरले. १८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीला पोहोचले. गावातील चाळीस दलित कुटुंबांनी उपजीविकेसाठी ऐंशी एकर जमीन मागितली, चाळीस ओलिताची आणि चाळीस कोरडवाहू. सरकारकडे शब्द टाकण्याचे आश्वासन देता देता विनोबांनी सभेतच गावकऱ्यांना विचारले, तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. भूदानाचा जन्म असा एका मुक्कामावर, कोणतीही आखणी नसताना झाला.

एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात तेलंगणातील गावे पालथी घालून विनोबांनी बारा हजारांहून अधिक एकर मिळवले आणि जूनअखेर ते पवनारला परतले. सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाच्या चर्चेसाठी ते पुन्हा निघाले, तेही पायीच, दिल्लीपर्यंत. नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, दक्षिण भारत असा हा ओघ वाढतच गेला. १९५९ साली त्यांनी पीरपंजालची रांग पायी ओलांडली. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यातून जाताना लुक्का ऊर्फ लोकमन दीक्षित याच्यासह वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

या साऱ्यात एक उणीव राहून गेली, ती नजरेआड करता येत नाही. पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट होते. चाळीस लाखांवर एकर दानपत्रांत आले. पण त्यातली बरीच जमीन खडकाळ, बरीच कज्जेदलालीत अडकलेली, आणि मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. मागणारा दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या गावाला निघालेला असे. मोजणी, नोंदी, ताबा यांसाठी मागे थांबणारी माणसे पुरेशी नव्हती. ज्या सतत चालण्याने माणसांची मने हलली, त्याच चालण्याने हिशेब अपुरे राहिले. त्याची झळ दानपत्र हाती असूनही जमिनीवर पाय न ठेवता आलेल्या भूमिहीनांना सोसावी लागली.

१० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारला परतले. नंतर बिहारात ग्रामदानाच्या ‘तूफान यात्रे’साठी ते पुन्हा गेले, पण आता वाहनाने. शरीर साथ देत नव्हते. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली. १९८२ च्या नोव्हेंबरात आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला त्यांचे देहावसान झाले आणि धामच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.