डॉ. आंबेडकर आणि स्वस्त वीज

महिन्याच्या महिन्यास विजेचे बिल दुकानात येऊन पडले म्हणजे त्यावरील आकड्याविषयी कुरकुर करावयाची आणि मुदतीच्या दिवशी ते भरून टाकावयाचे. एवढ्यापलीकडे ह्या प्रश्नाशी आपला संबंध आहे असे धाराशिवच्या बाजारपेठेतील बहुतेकांस वाटत नाही. परंतु वीज कोणी, कोणासाठी व कोणत्या भावाने पुरवावी, हा राष्ट्राच्या दारिद्र्याचाच प्रश्न आहे, हे ज्या पुरुषाने राज्यकारभाराच्या आसनावरून मांडले, त्याचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. घटनाकार म्हणून त्यांस सारे जग ओळखते. त्यांचे विजेसंबंधीचे कार्य मात्र विस्मृतीत पडले आहे. म्हणून त्यांच्या चरित्राचा तो भाग आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

डॉ. आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. मुंबईस 1912 साली पदवी मिळविल्यावर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या बळावर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये 1923 साली त्यांनी अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवी संपादिली व बॅरिस्टरही झाले. हिंदुस्थानातील लहान शेतीविषयी 1918 साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, जमिनीचे तुकडे होतात हे रोगाचे मूळ नव्हे. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हेच मूळ होय. ती गर्दी उद्योगधंद्यांकडे वळविल्यावाचून शेतकऱ्याची सुटका नाही, हे मत त्यांनी कधी सोडले नाही.

1941 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबविल्या गेलेल्या माणसांपुढे तेथे डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात, 1942 च्या जुलैमध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि विजेचा विषय त्याच खात्याकडे होता. कसबे तडवळ्याच्या मंडपात दिसलेले दारिद्र्य आणि दिल्लीच्या दप्तरातील विजेच्या योजना ह्यांचा धागा एकच आहे, हे ओळखणारा माणूस त्या जागी बसला, हे देशाचे भाग्य होय.

तत्पूर्वी वीज नव्हती असे नाही. टाटांच्या कंपनीने 1915 साली खोपोलीस सह्याद्रीवरून पडणाऱ्या पाण्यावर चाके फिरवून मुंबईच्या गिरण्यांस वीज दिली, हे साहस गौरवास्पदच आहे. पण जेथे नफा तेथे तार, असा एकंदर प्रकार असल्यामुळे खेडी अंधारातच राहिली. 25 ऑक्टोबर 1943 रोजी भरलेल्या धोरण समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी मूळ मुद्दा मांडला: नुसती वीज नको; स्वस्त आणि विपुल वीज हवी. खाजगी कंपनीपेक्षा सरकारी मालकीने हे अधिक साधेल, असा त्यांचा कल होता. 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, आणि पूर, पाटबंधारे व वीज ह्यांचा एकत्र विचार करणारी दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकारास आली.

स्वस्त वीज म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास सहज समजावे. वीज धान्याप्रमाणे कोठारात भरून ठेवणे परवडत नाही. ती बहुतांशी ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. यंत्रे व तारा ह्यांत घातलेल्या भांडवलाचे व्याज मात्र यंत्र चालो वा न चालो, चढतच असते. म्हणून दिवसा गिरणी, रात्री दिवे व हंगामात मोटर अशी निरनिराळी गिऱ्हाइके एका जाळ्यात जोडली, तर तोच खर्च अधिक युनिटांवर वाटला जाऊन भाव उतरतो. गावोगावच्या सुट्या केंद्रांऐवजी प्रांताप्रांतांत जाळी असावीत, ह्या धोरणाचे मर्म हेच होते.

1946 साली त्यांनी ते पद सोडले; पण 1948 च्या वीजपुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळांची वाट मोकळी झाली. त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या घटनेच्या मसुद्यातून विजेचा विषय समवर्ती सूचीत आला. 6 डिसेंबर 1956 रोजी ते निवर्तले. महाराष्ट्राचे मंडळ 1960 साली आले. 2003 च्या नव्या कायद्याने 1948 चा कायदा रद्द झाला आणि 2005 साली मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण ह्यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या.

आता दर ठरवितो तो राज्य वीज नियामक आयोग. आणि दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे त्याजवर कायद्याने बंधनकारक आहे. हा हक्क आमचे किती व्यापारी बजावितात? बिलावर कुरकुर करणारे शेकडो, हरकतीचा कागद लिहिणारा विरळा! दुसरीकडे तारेवर आकडा टाकणारा आपल्या चोरीचा भार प्रामाणिक शेजाऱ्याच्या बिलावर चढवितो, आणि आपण तिकडे काणाडोळा करितो. जयंतीस दिव्यांची रोषणाई अवश्य करावी. पण त्या दिव्याची वीज चोरीची असेल, तर तो उजेड त्या महापुरुषाचा गौरव करीत नाही. दराच्या सुनावणीची पुढील जाहीर सूचना निघेल तेव्हा पेठेतील मंडळींनी एकत्र बसून हिशेब तपासावा व आपली हरकत लेखी पाठवावी. स्वस्त व विपुल वीज ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे त्यांच्या कार्याने शिकविले. तो धडा गिरविणे आता आपले काम आहे.